तुझ्या हाताच्या दहा गोळ्या

कोलिन, मोंटाना
९ मार्च २०१०

प्रिय टिली,

शनिवारी कॉन्व्हेंटमधून घरी आलो की आपण दोघी आजोबांच्या, म्हणजे डेडांच्या, शेडच्या पायरीवर काळ्या खसखशीचे कोलाचे, ते गोल गोड पाव, खात बसायचो. दात काळे व्हायचे. आत डेडा शिसं वितळवून पळीने साच्यात ओतायचे, आणि साचा उघडला की गोळी जुन्या घोंगडीवर पडायची. तिचा आवाज यायचा नाही, म्हणून आपणच ‘टप’ म्हणायचो. नीट भरलेल्या गोळीला संताचं नाव मिळायचं. सुरकुतलेली निघाली की तू कॉन्व्हेंटातल्या म्हाताऱ्या ननवरून म्हणायचीस, “ही सिस्टर अलोयसिया,” आणि आजोबा हसू दाबत ती परत भांड्यात टाकायचे.

हे आज आठवायला कारण झालं. पोस्टात लॉइड नावाचा नवा माणूस आलाय. तुझी पेटी काउंटरवर ठेवताना तो कमरेतून असा वाकला, की मला वाटलं आता उठायचा नाही.

“काय आहे बाई ह्यात? नांगर?”

“शिशाच्या चारशे गोळ्या,” मी म्हटलं. “माझ्या मावसबहिणीने नेब्रास्काहून पाठवल्यात.”

मग त्याला सगळं सांगावं लागलं. की आपल्या आजोबांनी रायफल मला दिली आणि साचा तुला. की तिची नळी इतकी झिजलीय, की दुकानातली गोळी तिच्यात सैल बसते आणि कागदावर आडवी जाऊन लागते. की म्हणून एकेचाळीस वर्षं तू ओततेस आणि मी मारते. लॉइड म्हणाला, “दोन्ही वस्तू एकीलाच द्यायच्या ना!” तरुण आहे अजून.

खांदा बरा आहे. ऑपरेशननंतर काडतुसात दारू चिमूटभरच घालते. उरलेल्या जागेत सावरीचा कापूस भरते, म्हणजे दारू तळाशी बसून राहते. त्यात माझी एक उशी संपली. गोळी आता इतकी सावकाश जाते, की बार काढून मी रायफल खाली ठेवते, चष्मा सारखा करते, आणि मग लोखंडी तबकडी ‘टण्’ करते. कुत्रा झोपेतून उठत नाही. सप्टेंबरच्या गावच्या सहलीत नेमबाजीच्या शर्यतीला पुन्हा उतरणार आहे. गेल्या वर्षी दहांतल्या सहा तबकड्या पाडल्या होत्या.

एक विचारायचं होतं. ह्या चारशेंत एकही सिस्टर अलोयसिया नाही. असं कसं?

तुझी,
व्हर्ना

*

विल्बर, नेब्रास्का
२१ मार्च

प्रिय व्हर्ना,

चांगल्या गोळ्या पाठवल्या तरी तुझी तक्रार! साचा नीट तापल्याशिवाय ओतायचं नाही, हे मला एकेचाळीस वर्षांनी समजलं, एवढंच. त्यात थोडं कथीलही जास्त घातलं. बाजारात एका म्हातारीकडून कथलाचा मग घेतला होता, तो वितळवला. तिला वाटलं मी त्यातून कॉफी पिणार.

अक्षर वाकडं वाटेल. टेबलाचा एक पाय हलतो आहे.

इथे बर्फ गेला. सहलीसाठी गोळ्या कमी पडल्या तर कळव. तुला लागतील तितक्या मिळतील, त्याची काळजी नको.

तुझी,
टिली

*

कोलिन
२ एप्रिल

टिले,

टेबलाचा पाय! ओळी कागदाच्या उजव्या कोपऱ्यात अशा चढल्यात, जशी एखादी मुलगी नाचून घरी येते आहे. दोन ओळी तर एकमेकींच्या अंगावर बसल्यात.

आता ऐक. मी भिंग घेऊन बसले होते. ओतल्यावर साच्याच्या तोंडाशी शिशाची शेपटी राहते, ती कापायला वरची पट्टी ठोकावी लागते. तू ती लाकडी चमच्याने ठोकतेस आणि नेहमी क्षणभर लवकर ठोकतेस. म्हणून तुझ्या प्रत्येक गोळीच्या बुडाशी डावीकडे एक बारीक ओरखडा असतो. मला तो तुझ्या सहीपेक्षा जास्त ओळखीचा आहे. ह्या चारशेंत एकीवरही तो नाही. बुडं अशी गुळगुळीत, की त्यात नाक दिसावं.

कोण आहे तो?

बाईमाणूस नाही, हे नक्की. बाईने इतक्या गोळ्या तोलून, वजनाच्या पोटजातीप्रमाणे वेगळ्या कागदात बांधून पाठवल्या नसत्या. तिला स्वयंपाक असतो.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी तुला कुणी भेटला असेल तर मला आनंदच आहे. पण एक लक्षात ठेव. जुने साचे गोळा करणारे पुरुष असतात. गोड बोलतात, घरी येतात, कॉफी पितात, आणि जाताना “ही जुनी वस्तू तुमच्या काय उपयोगाची?” म्हणतात. तो साचा गेला तर माझी रायफल म्हणजे दार अडवायची काठी.

नाव कळव. काय करतो तेही.

व्हर्ना

*

विल्बर
१९ एप्रिल

प्रिय व्हर्ना,

बरं. नाव डॉक्टर एमिल कुबिचेक. दंतवैद्य होते, आता निवृत्त. विधुर आहेत, समोरच्या घरात राहतात. दातांच्या टोप्या ओतण्यात आयुष्य गेलं, म्हणून शिसं म्हणजे त्यांना खेळ वाटतो. तोंडाला फडकं, हातात मोजे, डोळ्यांवर जाड चष्मा, असे तयार होऊन येतात आणि साचा उघडताना त्याला म्हणतात, “मोठा आ करा.” गोळी पडली की, “झालं, दुखलं नाही ना?”

ते पोटजातीप्रमाणे बांधणंही त्यांचंच.

बाकी तू जे समजायचं ते समजलीच आहेस. मी नाही म्हणत नाही.

टिली

*

कोलिन
१ मे

टिले,

“नाही म्हणत नाही”! हे काय उत्तर आहे? सिस्टरने तुला ह्याच्यावरून अर्धा दिवस कोपऱ्यात उभं केलं असतं.

आणि तुझ्या डॉक्टरांचं मला पत्र आलंय. तुला माहीत आहे का? सुंदर अक्षर, सुंदर कागद. लिहितात, “आदरणीय बाई, कृपया मऊ शिशाचा एक गोळा आपल्या रायफलच्या नळीतून हलकेच ठोकत बाहेर काढावा आणि मला पाठवावा. त्या मापावरून मी आपल्यासाठी हुबेहूब नवा साचा करवून घेईन, म्हणजे आपल्याला नेब्रास्कावर अवलंबून राहावं लागणार नाही.”

वाचलंस? मला नक्कल, आणि अस्सल कुणाला? मी सांगितलं होतं ना, साचे गोळा करणारे असेच असतात. माझा सासरा घोडे विकायचा, तोही असाच ‘आदरणीय’ म्हणायचा.

नेब्रास्कावर अवलंबून! मी काय तिकडून जाणारी रेल्वे आहे?

तू त्याच्याशी लग्न कर, त्याच्याबरोबर नाच, मी येऊन तुमच्या लग्नात बटाट्याचं सॅलडसुद्धा करीन. पण माझ्या गोळ्या परक्याने ओतलेल्या मला नकोत. तुझ्या हाताच्या दहा पाठव. फक्त दहा. सुरकुतलेल्या असल्या तरी चालतील. साचा अजून तुझ्याकडे आहे आणि तू अजून ओततेस, एवढं मला कळू दे.

व्हर्ना

*

विल्बर
६ जून

ह्या दहा. माझ्या.

टिली

*

कोलिन
१४ जून

टिली,

पाच आठवडे तुझा शब्द नाही, आणि मग ही डबी. मी रागाने भिंग काढलं. मनात टोमणे तयार होते.

चार गोळ्यांना नाक नाही. दोन अर्ध्याच भरल्यात. तिघींची शेपटी तशीच आहे, कापलेलीच नाही. सुरकुतलेली गोळी तू पाठवली आहेस, ओरखड्याची पाठवली आहेस, पण शेपटीची गोळी आयुष्यात कधी पाठवली नाहीस. आणि दहावी गोळी नाहीच आहे. पडद्याच्या काठात शिवतात तो शिशाचा तुकडा आहे. त्याला अजून हिरवा दोरा आहे.

ती डबी मी बंद केली आणि अंगणात जाऊन बराच वेळ उभी राहिले. मेंढ्या बघत होत्या.

टिली, तुला किती दिसतं?

तुझ्या ओळी बघून मला प्रेम सुचलं! इतकी मूर्ख मी कधीपासून झाले? खरं काय ते लिही. लिहिता येत नसेल तर त्या दंतवैद्याकडून लिहून घे. त्यांचं अक्षर चांगलं आहे, हे मान्य करते.

तुझी,
व्हर्ना

*

विल्बर
२५ जून

प्रिय व्हर्ना,

मी सांगते आहे आणि डॉक्टर लिहीत आहेत. स्वतःचं काही घालायचं नाही, असं त्यांना बजावलंय. (मान्य. ए. कु.)

मला कडेकडेचं दिसतं. मधोमध डाग आहे. तुझ्याकडे बघितलं तर तुझे कान दिसतील, तोंड दिसणार नाही. (डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय की आणखी फार बिघडणार नाही, पण सुधारणारही नाही. दातांचं असतं तर मी काही केलं असतं. ए. कु.) नोव्हेंबरपासून आहे. शिसं भांड्यात आहे की भांड्याबाहेर, हे कळेना. एकदा चपलेवर ओतलं. पायात नव्हती, सुदैवाने. त्या दिवशी डॉक्टर मिठाई द्यायला आले होते. त्यांनी न विचारता पळी माझ्या हातातून घेतली.

तुझ्या दहा गोळ्या मी त्यांना बाहेर पाठवून एकटीने ओतल्या. (मी खिडकीतून बघत होतो. बाई शूर आहेत. ए. कु.) त्या डबीत पडद्याचं शिसं गेलं, हे मला तुझ्या पत्रावरून कळलं. डॉक्टरांनी ते वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं इतकं हसलो, की शेजारीण बघायला आली.

तुला का सांगितलं नाही, विचारशील. माझी पेटी गेली की तुझं पत्र येतं. एकेचाळीस वर्षांत तुझं एकही पत्र पेटीच्या निमित्तावाचून आलेलं नाही, व्हर्ना. मला वाटलं, पेटी थांबली की तू काय म्हणून लिहिशील? म्हणून मी त्यांना ओतायला लावलं आणि गप्प बसले. तू प्रेमाचं काढलंस तेव्हा तेही सोयीचंच झालं. म्हातारपणी प्रेमात पडले म्हणणं डोळे गेले म्हणण्यापेक्षा सोपं वाटलं.

डॉक्टर माझे तसे कुणी नाहीत. ते पत्त्यांत लबाडी करतात. (खोटं. ए. कु.) मला पत्ते दिसेनासे झाल्यापासून उघड उघड करतात. (हे खरं. ए. कु.)

नव्या साच्याची कल्पना त्यांची. तुझी नेमबाजी अडू नये म्हणून. मला कळलं तेव्हा मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. (चार. ए. कु.) पण आता वाटतं, त्यांचं बरोबर आहे. तू गोळा पाठव. नवा साचा करून घे. सहल काही फार लांब नाही.

तुझी,
टिली

(बाईंनी सांगितलेलं नाही, तरी लिहितो. आपलं पत्र त्या माझ्याकडून सहा वेळा वाचून घेतात. मेंढ्यांचा भाग सात वेळा. ए. कु.)

*

कोलिन
३ जुलै

टिले,

पेटीवाचून पत्र नाही? मग हे बघ. हे पत्र पेटीवाचून आहे.

आणि माझंही ऐक. नवे साचे करून देणारे लोक मला वीस वर्षांपासून माहीत आहेत. एकाची जाहिरात मी कापून स्वयंपाकघरात टाचलीसुद्धा होती. पिवळी होऊन पडली. मागवला नाही. मग तुला काय म्हणून लिहिलं असतं, हा प्रश्न मलाही होताच ना! आपण दोघी शिशाच्या आड बसून एकमेकींशी बोलत होतो, आणि दोघींनाही वाटत होतं की समोरचीला फक्त शिसं हवंय.

तर नवा साचा नको. जुना माझ्याकडे पाठव. ओतीन मी. डोळे मला आहेत, आणि अंगठा तुला आहे. गोळीची खोड बघून कळायच्या आधी बोटाला कळते, हे तू मला शंभरदा सांगितलं आहेस. मी ओतून तिकडे पाठवीन, तू चाचपून निवडायच्या आणि परत पाठवायच्या. लॉइडची कंबर मोडली तर तो तरुण आहे, जुळून येईल.

डॉक्टरांना म्हणावं, साचा नीट बांधा, आणि मी त्यांना मनातल्या मनात जे जे म्हटलं ते ते मागे घेते. घोड्यांचं तेवढं राहू दे, ते सासऱ्याबद्दल होतं.

तुझी,
व्हर्ना

*

कोलिन
९ ऑगस्ट

टिली,

सोबत दोनशे दहा गोळ्या आहेत. त्या कशा झाल्या ते विचारू नकोस, पण सांगतेच.

पहिल्या दिवशी पळी धुऊन घेतली. धुतलेली पळी स्वच्छ असते, असं मला वाटलं. ती ओली असते. वितळलेल्या शिशात ती बुडवल्याबरोबर आतल्या शिशाने उडी मारली आणि शेडच्या छताला जाऊन चिकटलं. चष्मा, टोपी आणि कातडी मोजे होते म्हणून मी आहे. कुत्रा मेंढ्यांत राहायला गेला तो दोन दिवस घरी आला नाही. पाणी आणि शिसं जवळ आणायचं नाही, हे डेडांनी आपल्याला कितीदा सांगितलं असेल? मी तेव्हा कोलाचे खात होते.

दुसऱ्या दिवशी साचा थंड. सगळ्या सुरकुतल्या. तिसऱ्या दिवशी इतका गरम, की गोळ्यांवर पांढरं दव धरल्यासारखं झालं आणि पट्टी ठोकली तर शिसं पुसल्यासारखं पसरलं. मीसुद्धा लवकरच ठोकते, टिले. वाट बघवत नाही. पाचव्या दिवशी कुठे हाताला लय आली.

एकेचाळीस वर्षं मी सुरकुत्यांवरून तुला टोमणे मारले. परत घेते. सगळे नाही.

आता चाचप. मायेने निवडायचं नाही. सहलीत माझ्या मागे सगळं गाव बघत बसलेलं असतं, आणि लॉइडने आपल्या आईलाही बोलावलंय.

तुझी,
व्हर्ना

*

विल्बर
२४ ऑगस्ट

प्रिय व्हर्ना,

पुन्हा डॉक्टरच लिहीत आहेत. (नमस्कार. ए. कु.)

तुझ्या दोनशे दहा गोळ्या मी मांडीवर टॉवेल घेऊन, ओसरीत बसून, एकेक करून अंगठ्याखालून काढल्या. चार दुपारी लागल्या. इतक्या चांगल्या दुपारी वर्षभरात गेल्या नव्हत्या. डॉक्टर शेजारी बसून काटा घेऊन तोलत होते, आणि मी हाताने म्हटलेलं काट्याने खोटं पाडता येतं का बघत होते. अकरा वेळा प्रयत्न केला. (दोनदा जमलं. ए. कु.) (एकदा. टिली.)

तुझा ओरखडा उजवीकडे असतो. आता मला तो डोळे मिटून ओळखू येतो. नाहीतरी मिटलेलेच असतात.

पुड्यांवर नावं लिहिली तरी मला वाचता येत नाहीत, म्हणून सुतळीला गाठी मारल्यात. कुणाला काय द्यायचं ते नीट ऐक.

तीन गाठींच्या पुडीत चौऱ्याहत्तर आहेत. त्या भांड्यात परत टाकायच्या. वाद घालायचा नाही. त्यातल्या काहींना तू स्वतःसुद्धा बघितलं नसशील, असं वाटतं.

दोन गाठींच्या पंच्याण्णव. ह्या सरावाच्या. गावातल्या कुणा पोरीला डेडांच्या रायफलीने नेम धरून बघायचा असेल तर तिलाही ह्यातल्याच दे. बुडाला बारीक खोड आहे, पण तबकडीला ते कळत नाही.

एका गाठीच्या चाळीस सहलीसाठी. त्या दुसऱ्या कुणालाही हात लावू द्यायचा नाही. दारू तुझ्या नेहमीच्याच चिमटीची घाल, कुणाच्या सांगण्यावरून वाढवू नकोस. गोळी सावकाश गेली तर जाऊ दे, पोचते ना.

आलुबुखाराच्या मुरंब्याची बरणी लॉइडसाठी आहे. लहान बरणी त्याच्या आईला. तिने मुलाची कंबर आपल्याला उसनी दिली आहे.

दात बघायचा छोटा आरसा डॉक्टरांकडून तुला. त्याने नळीत डोकावून बघ, शिसं चिकटलंय का ते कळेल. बदल्यात त्यांना काही पाठवायचं नाही. त्यांना बिअर पुरते. (निषेध. ए. कु.)

आणि एक पुडी बिनगाठीची आहे. तिच्यात एकच गोळी आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिला अंगठ्याखाली फिरवली, कुठेही खोड सापडली नाही. डॉक्टरांना ती किल्ल्यांच्या साखळीला हवी होती. दिली नाही. तू ओतलेली आहेस, ती तुझी. पण कपाटात शोभेला ठेवू नकोस. मार.

टिली